कळांमध्ये म्हटलेलं त्रिशरण

वर्गात शिकवलेलं सगळं मला पाठ होतं, आणि ताईला कळा सुरू झाल्यावर त्यातलं काहीच कामाला येईना.

घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. म्हणून बाळंतपणात ताईसोबत आत मीच राहायचं, असं आईनं ठरवलं होतं. माजिवड्याजवळच्या हॉस्पिटलात गरोदर बायकांचा वर्ग भरायचा. कळ आली की नाकानं श्वास घ्यायचा, तोंडानं सावकाश सोडायचा, सोबतीणीनं आकडे मोजायचे. घरी, बाळकुमच्या खोलीत मी ताईकडून रोज सराव करून घ्यायचे. "आली माझी मास्तरीण," म्हणत ती हसायची. आई म्हणायची, आधी बुद्धवंदना म्हणा. मी टाळायचे. खरं सांगायचं तर माझा त्यावर फारसा विश्वास उरला नव्हता.

त्या दुपारी कळा वाढल्या तशी मी घाबरले. माझे आकडे भराभर पडू लागले, ताईचा श्वास त्यांच्यामागे धावू लागला. तिची बोटं बधिर होऊन आखडली. वेळ झालेली नसताना तिला जोर आवरेना. "आत्ता जोर लावू नका, बाळाचे ठोके कमी होतायत," म्हणत सिस्टर डॉक्टरांना बोलवायला धावल्या.

"गप गं तू! नाही जमत मला!" ताई माझ्यावर ओरडली.

पडद्यापलीकडे आणखी एका बाईला कळा येत होत्या. तिच्या सासूचा आवाज आला, "अगं पोरी, शर्यत लावलीयस काय? घरी देवापुढं काय म्हणता?"

"आमच्याकडे देव नाही, मावशी. त्रिशरण म्हणतो."

"मग तेच म्हण की. मला नाय येत. हळू म्हण, माझी सूनपण ऐकेल."

मी 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणायला सुरुवात केली. एकेका ओळीबरोबर आधी माझा श्वास लांबला, मग ताईचा. तिची मूठ सैल झाली. पलीकडूनही कुणीतरी आमच्याबरोबर लांब श्वास सोडत होतं. डॉक्टर आले तेव्हा ठोके सावरू लागले होते.

संध्याकाळी ताईला मुलगी झाली. मी मावशींच्या पाया पडायला पडद्यापलीकडे गेले, तर खाट रिकामी होती. सुनेला ऑपरेशनसाठी नेलं, एवढंच कळलं. मावशींचा चेहराही मी पाहिला नाही.

हे कसं घडलं, मला सांगता येणार नाही. शरण जायचं म्हणजे हातपाय गाळायचे, असं मला वाटायचं. पण त्या दुपारी मी ताईचा हात घट्ट धरून होते. सगळं माझ्याच मोजण्यावर चाललंय, हा हट्ट तेवढा सुटला होता.

आता रोज वंदनेला बसते. भाचीसाठी म्हणते, आणि जिचं पुढं काय झालं मला माहीत नाही, त्या सुनेसाठीही.