आडवा धागा नसलेलं कापड

हॉस्पिटलमधून ह्यांचा फोन आला, "बाबा गेले." मी बाहेरच्या खोलीत उभी होते आणि माझी नजर आपोआप वर गेली, स्लॅबकडे. सासरे गेले आणि ही बया छत न्याहाळतेय, असं कुणीही म्हटलं असतं. पण आमच्या घरात बाबांचा विषय आणि स्लॅबचा विषय एकच होता.

टेमघरच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर बाबांचे कापड विणायचे लूम होते. त्यांच्या धडधडीने खाली आमच्या डोक्यावरच्या स्लॅबला भेगा पडल्या. पुढे लूम विकले आणि वरची जागा कापडाच्या गाठी ठेवायला भाड्याने द्यायचं ठरलं. इंजिनियर मीच शोधला. तो म्हणाला, तोडफोड नको, भेगा भरून खालून कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवू, स्लॅब वजन पेलेल.

बाबांनी ती काळी पट्टी हातात घेतली. जन्म लूमवर गेलेला माणूस. नखाने एक धागा सोडवला, मग पट्टी रुंदीत ताणली, तर ती मधोमध उसवली. "ह्यात आडवा धागाच न्हाय! असला माल शेठनं माझ्या तोंडावर फेकला असता. आनि ह्याच्यावर तुमी घर टांगनार?"

इंजिनियर हसला. "बाबा, ताण ज्या दिशेने, धागे त्याच दिशेने. दुसऱ्या दिशेला वेगळ्या पट्ट्या येणार आहेत." नकाशात त्या पहिल्यापासून होत्या. पण आपण चोरी पकडली म्हणूनच त्याने त्या वाढवल्या, हे बाबांच्या डोक्यातून शेवटपर्यंत गेलं नाही. मग चिकटवायच्या रसायनावर संशय, ते कालवणाऱ्या मजुरांवर संशय, शेवटी माझ्यावरही. "तुझ्या वळखीचा हाय ना तो?" अस्सा संताप यायचा मला!

वर गाठी चढल्या त्याच दिवशी बाबांनी आपली खाट आतल्या खोलीतून ओढत आणली आणि बाहेरच्या खोलीत नेमकी त्या पट्ट्यांखाली टाकली. बाहेर झोपणाऱ्या माझ्या लेकीला, श्रेयाला, आत धाडलं. मी मनात म्हटलं, झालं! आता माझ्याकडे कोण येतं, कोण जातं, ह्यावर पहारा. रोज सकाळी ते काठीने छत ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. पट्टी सुटली तर पोकळ आवाज येतो, हे इंजिनियरनेच सांगून ठेवलेलं.

"काय म्हणतोय स्लॅब?" मी चिडवायची.

"अजून गप हाय," बाबा म्हणायचे, पण समाधानाने नाही.

एकदा पाहुणे यायचे होते म्हणून मी खाट आत सरकवायला गेले. "हात लावू नको," बाबा कडाडले. मीही भडकले. "अहो, पण का? आम्हाला वावरायला जागा नको?" ते वर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पडला तर कोनावर पडंल, पोरी?"

...मी खाट होती तिथेच राहू दिली.

बाबा गेले ते हृदयविकाराने. स्लॅब जागचा हललेला नाही. परवा इंजिनियर भेटायला आला, त्याने सगळीकडे ठोकून पाहिलं. "ताई, अगदी निर्धास्त राहा." मी मान डोलावली.

त्याच दिवशी जेवणं झाल्यावर श्रेया पांघरूण घेऊन बाहेर आली. "आई, आजोबांच्या खाटेवर मी झोपते." मी तिच्या हातातलं पांघरूण काढून घेतलं आणि तिला आत पाठवलं. कोपऱ्यातली काठी उचलली, छत ठोकलं, कान देऊन ऐकलं... आणि खाटेवर मीच आडवी झाले.