बंद खाणीखालचा कोमट डोह

निम्मी वाट उतरून झाली होती. वर, अक्रोडांखालच्या झऱ्यावर गावातली म्हातारी इत्तो पोटभर पाणी प्यायली होती आणि पुदिन्याच्या वाफ्यांतून ओढ्याच्या कडेकडेने माझ्याशी बोलत खाली येत होती. शिशाच्या खाणीची पडकी भिंत दिसली तसं तिने रुमालाचं टोक नाकाला लावलं.

"इथून पुढे ओढा कसला, मोरी आहे."

खाण बंद पडून तीस वर्षं झाली. साहेब गेले, यंत्रं भंगारात गेली, राखी गाळाचे ढिगारे तेवढे राहिले. त्यांच्यावर गवताचं पातंही उगवत नाही. बोगद्यातून कोमट पाणी पाझरतं, सडक्या अंड्यांसारखा वास मारतं आणि भिंतीखाली त्याचा डोह होतो. दगडांवर तांबडा बुळबुळीत थर. बेडूक कधीच संपले.

खाणीचा म्हातारा पहारेकरी हम्मू डोहात पाय सोडून बसला होता.

"या बाईसाहेब, लल्ला इत्तो, पाय शेका. गावचा फुकटचा हमाम."

"तुझ्या पायांनी पाणी पिवळं झालं, का पाण्याने पाय, तेवढं सांग."

"हसा. उद्या याच पाण्याने धुवाल मला."

"मी बायकांना धुते रे बाबा. तुझी सोय तू बघ."

बावीस वर्षं इत्तो गावातल्या मयत बायकांना शेवटची अंघोळ घालते आहे. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, जेवण शेजारून येतं, पाणी तापवता येत नाही. एका कडाक्याच्या हिवाळ्यात, आपल्या माणसाच्या अंगावर बर्फासारखं पाणी कसं ओतायचं म्हणून लेकी रडायला लागल्या, तेव्हा इत्तोनेच या डोहाच्या बादल्या मागवल्या. वाहतं पाणी पाकच, शुद्धच असतं, असंही तीच म्हणाली. तेव्हापासून गावात तीच रीत पडली.

गेल्या थंडीत तिची धाकटी बहीण इज्जा गेली. इत्तोने तिला याच डोहाचं पाणी तीनदा घातलं. कफन बांधायच्या आतच पांढरं कापड पिवळं पडलं. बेंबीत गाळ साचला होता. इत्तोने तो बोटाने काढला, पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा गाळ. कानाच्या पाळीमागेही तोच. घरी येऊन ती ओकली.

"इतक्या जणींना मी घाणीने माखून देवाकडे धाडलं," ती डोहाकडे बघत म्हणाली. "कपडे धुवायला मी हे पाणी घेतलं नसतं."

तिने बायकांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "आमच्या आयांच्या वेळी पाक होतं, तुमच्या बहिणीच्या वेळी बरं नापाक झालं." आता कुणी गेलं की ती स्वतः गाढवावर झऱ्याचं पाणी आणते. पण वय सत्तरीपार, आणि ही चढण तिला आता तीनदा बसून चढावी लागते.

खाणीची हद्द संपली तरी वास पाठ सोडेना. इत्तो थुंकली, थांबली, तिने माझं मनगट धरलं.

"पोरी, माझ्या वेळी त्या बायका जवळ म्हणून इथलंच पाणी आणतील. तू झऱ्यावर जा. दोन डबे पुरतील. गार असू दे, मी काही कुडकुडणार नाही. पण इथली बादली उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नकोस. कुणाशी भांडावं लागलं तरी भांड."