तराई होईपर्यंत

आमच्या घरामागे जुन्या मालकाच्या आटाचक्कीचा कोबा तसाच पडून होता. चक्की गेली, शेड गेली, उरला तो सिमेंटचा चौकोन. आम्ही त्यावर तूर वाळवायचो. माझी बायको घाटंजीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली. नोकरीभर तिनं स्वतःची चित्रं जेवणाच्या टेबलावर काढली आणि पानं घ्यायची वेळ झाली की उचलून ठेवली. त्या कोब्यावर, पेरूच्या सावलीत, चित्रं काढायला आपली एक खोली असावी एवढीच तिची मागणी. मी दरवर्षी "करू" म्हणायचो.

नागपूरच्या डॉक्टरांनी तिला फार तर सहा महिने सांगितले, तेव्हा कुठे मी मिस्त्रीला बोलावलं.

"पक्कं नको," ती म्हणाली. "चार खांब रोवा, वर टिना टाका. मले बसाले झालं म्हंजे झालं."

पण मी जन्मभर सरकारी बांधकामावर ओव्हरसियर. भिंतीत केसाएवढी भेग दिसली तरी ठेकेदाराला धारेवर धरणारा. हातोडी घेऊन मी कोबा ठोकत बसलो. एका कोपऱ्यात आवाज पोकळ आला. खाली आमची काळी माती. उन्हाळ्यात ती फाटते आणि वरचं सगळं घेऊन खाली बसते. मी तो कोपरा फोडायला लावला.

"याच्यावर चक्की चालली साहेब," मिस्त्री म्हणाला. "चार भिंतीनं काय होते याले?"

मॅडमजवळ दिवस थोडे आहेत असं तो आडून सांगत होता, हे मला कळत होतं. तू आपलं काम कर, म्हटलं. त्या एका कोपऱ्यात महिना गेला.

भिंती उभ्या राहिल्या, प्लास्टर झालं. मग तराई. सकाळ-संध्याकाळ मी स्वतः पाइप धरून भिंतींना पाणी मारायचो आणि ती पेरूखाली खुर्ची टाकून बघायची. एके दिवशी ड्रॉइंग बोर्ड उराशी धरून ती दारात आली.

"आज बसू काय?"

"ओल आहे. छातीत बसेल. तराई होऊ दे, मग आठ दिवस सुकू दे."

ती हसली. "आपल्यात मुहूर्त पाहत नाही म्हणे. अन् तुम्ही सिमेंटचा मुहूर्त पाहून राह्यले."

आमच्या बौद्ध घरात कोणी पंचांग उघडल्याचं मला आठवत नाही. तरी मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, काम चालू आहे तोवर हिला काही होणार नाही. तेव्हा हे मी कबूल केलं नसतं.

तराई संपली. सुकायच्या आठ दिवसांतल्या सहाव्या सकाळी ती उठली नाही.

मुलगी हैदराबादहून निघाली होती. ती येईपर्यंत हिला ठेवायचं कुठे? पुढच्या खोलीत माणसं मावत नव्हती. मागच्या खोलीत न्या, मी म्हटलं. चौघांनी तिला नेलं आणि गादी घालून खिडकीखाली निजवलं. पेरूची सावली तिच्या पायांवर आली होती.

राळेगावहून तिचा धाकटा भाऊ आला. रडून रडून थकला आणि भिंतीला टेकून बसला. जरा वेळानं त्यानं मागे हात फिरवून पाहिला.

"खोली तर वाळली आहे भाऊजी," तो म्हणाला. "मंग ताई इथं काहून नाही बसली?"

"मी बसू दिलं नाही तिला," मी म्हणालो.