निवडलेली वाळू

त्याला सगळे चुंबक म्हणत, आणि ते काही नुसतं खिशातल्या दोरीला बांधलेल्या चुंबकामुळे नव्हे. एखादा संशय त्याला चिकटला की सुटत नसे. घड्याळ दुरुस्त होऊन आलं, तरी वेळ दुसऱ्या घड्याळात पाहून घ्यायचा. किनाऱ्यावरची वाळू तपासण्यात त्याची एकतीस वर्षं गेली. खड्डा खणायचा, पिशवी भरायची, वाळवायची, मग ताटलीत पाण्याबरोबर हिंदकळायची. हलकी पांढरी वाळू वाहून जाते, जड काळी तळाशी राहते. या काळीत कारखान्याला हवी ती खनिजं असतात. जिथं काळी जास्त, तिथं खाण.

यंदा खड्डे आले ते थेट धाकटीच्या दारात. धाकटी म्हणजे त्याची बहीण. नवरा गेल्यापासून आईच्या घरात एकटी राहायची. इथं काळी भरपूर निघाली, तर ही घरं पाडून माणसांना टेकडीवर नवी घरं मिळणार होती. आईचं घर पडणार या विचारानं चुंबकाला घास जाईना.

आणि काळी निघू लागली. खड्ड्याच्या काठावर चाचणी घेतली तर चिमूटभर, पण तीच पिशवी वाळून कार्यालयात आली की मूठभर!

"यात काहीतरी काळंबेरं आहे," तो स्वतःशी म्हणाला आणि या विनोदावर त्याला हसूसुद्धा आलं नाही.

पिशव्या वाळायच्या धाकटीच्या पडवीत, आणि तिथं रोज चहाला यायचे त्याचे साहेब. मोठा साठा सापडला तर साहेबांचीच बढती. चुंबकानं डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. साहेब पिशव्यांकडे ढुंकूनही बघत नसत, म्हणून तर त्याचा संशय आणखी वाढला.

"साहेब लबाड आहे," त्यानं बहिणीला सांगितलं. "उद्या सगळ्यांसमोर उघडा पाडतो."

"कशाला वाकड्यात शिरतोस, दादा?" ती कपबशा विसळत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुराव्यासाठी त्यानं पडवीत बसूनच पिशवी कागदावर ओतली आणि भिंग लावलं. वाळूत कचराच नव्हता. शिंपल्याची एकही कपची नव्हती, काडी नव्हती, खडा नव्हता. एकतीस वर्षांत इतकी स्वच्छ वाळू त्यानं पाहिली नव्हती. समुद्राला वाळू निवडायची सवय नसते. ही कुणीतरी निवडली होती.

आत धाकटी धान्य निवडत बसली होती. मांडीवर ताट, बोटं भराभर चाललेली. ताटात खडा दिसला की तिला राहवत नसे. लहानपणी ताटलीत वाळू हिंदकळून काळी वेगळी काढायला त्यानंच तिला शिकवलं होतं. तो भिंग हातात घेऊन दारात उभा राहिला.

"तू?"

ती वर न बघता म्हणाली, "पिशवीत काळी मिसळताना निवडायला नको होती ना? हाताला सवय लागलीय."

"अगं, आईचं घर आहे हे!"

"तुझ्या आठवणीतलं. मी राहते त्यात." आता तिनं वर पाहिलं. "भरतीला चुलीपर्यंत पाणी येतं. भिंतीला हात लावला की पोपडा हातात येतो. दर उधाणाला मी खाट विटांवर चढवते, एकटी. तू रविवारी येतोस, आईचा फोटो पुसतोस आणि जातोस."

"मग सांगायचं नाहीस मला?"

"सगळ्या जगाला खोदून खोदून विचारतोस. मला कधी विचारलंस, इथं राहायचंय का म्हणून?"

आयुष्यात फक्त एका माणसावर, धाकटीवर, त्यानं संशय घेतला नव्हता आणि तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. त्याची त्याला फार लाज वाटली.

तरी वाळू ती वाळू. त्यानं वहीत लिहिलं, 'पडवीत वाळवलेले सगळे नमुने रद्द, चूक माझी,' आणि सही केली. धाकटीचा चेहरा पडला. टेकडीवरचं घर गेलं, हे तिला कळलं.

मग त्यानं खाटेखालच्या विटा मोजल्या आणि तिची पेटी भिंतीपासून ओढली.

"हे काय करतोयस?" तिनं विचारलं.

"मागची खोली रिकामी आहे माझी. येशील?"

धाकटीनं हात पुढे केला, त्याच्या खिशातलं चुंबक दोरीनं ओढून बाहेर काढलं आणि फळीवर ठेवलं.

"हे इथंच राहू दे," ती म्हणाली, "मग येते."