फोटो उघडेपर्यंतच्या गप्पा

धर्मपालनं आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं पाहिली, आणि तीही खुर्चीत बसून. नेर, ढाणकी, कुठले कुठले फोटोग्राफर यवतमाळच्या एसटीत हार्डडिस्क पाठवून देतात. हा घराच्या पुढच्या खोलीत त्यातले रॉ फोटो, म्हणजे कच्चे फोटो, उघडतो, रंग-उजेड बसवतो, चेहरे उजळतो, अल्बम लावतो. कॅमेऱ्याला दिसलं तेवढं सगळं कच्च्या फोटोत असतं, पण आहे तसा तो कोणी अल्बमात लावून घेत नाही.

जुना कॉम्प्युटर मोठा आळशी होता. फोटो उघडायचा तर आधी पडद्यावर धुकं, मग चौकोन चौकोन, मग कुठं नवरदेवाचं नाक. तेवढ्यात धर्मपालची बायको जया चहा घेऊन यायची आणि स्टुलावर टेकायची. नळाला पाणी आलं नाही, शेजारच्या पुष्पाच्या सुनेनं नोकरी धरली, आपला संघदीप पुण्यात नीट जेवत असेल का, सगळं फोटो उघडेपर्यंत बोलून व्हायचं. फोटो उघडला की हा पडद्याकडे वळायचा आणि ती गप्प बसायची. पुढचा लावला की गोष्ट तिथूनच पुढं. पोराच्या शाळेपासून त्याच्या नोकरीपर्यंतचं सगळं या दोघांनी असं तुकड्यातुकड्यानं ठरवलं. त्यांचा संसार त्या स्टुलावरच झाला म्हणा ना.

गेल्या दिवाळीला संघदीपनं नवं मशीन आणून दिलं, सॉफ्टवेअरही नवं. बोट लावलं की फोटो हजर. एका फोटोला दिलेला रंग अख्ख्या लग्नाला लागतो, चेहरेही आपोआप तुकतुकीत.

"बाबा, आता तुमचं काम अर्ध्या वेळात होते," पोरगा म्हणाला.

बिचाऱ्याला वाटलं, उरलेला वेळ बापाला मिळेल. फोटोग्राफरांना खबर लागायचाच अवकाश, ते आजचे फोटो उद्या मागू लागले. धर्मपालची मान आखडली, डोळे चुरचुरायला लागले. जया पूर्वीसारखी येऊन बसायची, बोलायचीही. पण याची नजर पडद्यावरून हलेना. मग ती नुसता चहा ठेवून जाऊ लागली. हे त्याच्या ध्यानात आलं होतं आणि खुपतही होतं. सीझन संपला की निवांत बोलू, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. सीझन काही संपत नव्हता.

जयाची भाची मैत्रेयी, तिचं लग्न नेरला झालं. याला जायला जमलं नाही, जया एकटीच जाऊन आली. त्या लग्नाचे फोटोही फिरून याच्याकडेच आले. पांढऱ्या साड्यांतल्या बाया पडद्यावरून भराभर सरकत होत्या, त्यात जया दिसली. गाल गुळगुळीत, डोळे टवटवीत, तिशीतली वाटावी अशी. धर्मपालला क्षणभर बरं वाटलं, मग खटकलं. ही अशी कुठं दिसते आता? त्यानं मशीननं चढवलेली सगळी सफाई उतरवली आणि कच्चा फोटो समोर घेतला.

डोळ्यांखाली काळं, गालफडं बसलेली, ब्लाउजची बाही दंडावर सैल. सगळे हसताहेत आणि ही बाजूच्या खुर्चीवर पोटाशी हात धरून बसली आहे. एका घरात राहून हे त्याला नेरच्या कॅमेऱ्यानं दाखवावं! त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. त्यानं माऊस बाजूला सारला.

"जया, इकडं ये जरा."

ती दारात आली. "चहा पाह्यजे काय?"

"नाही. बस इथं. काय होऊन राह्यलं तुले?"

"मले? काही नाही."

"खरं सांग. पोट दुखते काय?"

जया स्टुलावर टेकली. पदरानं तोंड पुसलं.

"दुखते. संक्रांतीपासून दुखून राह्यलं."

"अन् मले सांगतलं काहून नाही?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. रागवायचं त्राणही उरलं नसावं.

"सांगतलं ना. इथंच बसून सांगतलं. दवाखान्यात जाऊ म्हटलं, तं तुम्ही 'हो, जाऊ' म्हणालते."