पाच रेघांचे कागद

मी हे लिहिते आहे तो कागद गाण्याचा आहे. त्यावर पाच-पाच रेघांचे पट्टे आहेत आणि ते मीच आखलेले आहेत. पट्ट्यावर अक्षर नीट बसत नाही, म्हणून दोन पट्ट्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत लिहिते. कोणाला दाखवायचं नाही, त्यामुळे वाकडंतिकडं झालं तरी चालेल.

हे कागद बहारीनचे. ऐंशी साल उजाडायच्या आधी मी तिथे एका इंग्रज साहेबांच्या घरी कामाला लागले. साहेब शाळेत संगीत शिकवायचे, पण त्यांचं खरं काम संगीत रचण्याचं. रेडिओवर लागतात तसली गाणी नव्हेत. पुष्कळ माणसं आपापली वाद्यं घेऊन बसतात आणि कोणी काय वाजवायचं, कधी गप्प राहायचं, ते सगळं आधी कागदावर लिहिलेलं असतं, तसलं. मॅडम बँकेत होत्या. मूलबाळ नव्हतं. घरात एक मोठा काळा पियानो आणि आम्ही तिघं.

साहेबांनी माझ्यासमोर बरंच काही रचलं. शाळेच्या मुलांसाठी नाताळचं एक केलं, त्याला आईबापांनी टाळ्या वाजवल्या. चार जणांनी वाजवायचं एक केलं, ते लंडनच्या वाजवणाऱ्या मंडळींना पाठवलं आणि परत आलं. पितळी वाद्यांचं एक तिकडे इंग्लंडात कुठल्याशा गावात एकदाच वाजलं. पेपरात त्याच्याबद्दल दोन ओळी आल्या, त्या मॅडमनी कापून फ्रिजवर चिकटवल्या. बाकीचं सगळं परत यायचं. जाड पाकीट दिसलं की मला कळायचं, आज साहेब जेवणार नाहीत. ती पुडकी ते पलंगाखाली सरकवायचे. झाडताना माझा झाडू त्यांना अडायचा.

मग त्यांनी ते मोठं काम धरलं. पलीकडच्या बेटावर, मुहर्रकला, म्हातारी माणसं होती, पूर्वी मोती काढायच्या बोटींवर गाणारी. ती मातीचे घडे वाजवायची आणि पोटातून खोल आवाज काढायची. साहेब तिथे जाऊन बसायचे. बायकांना आत जाता येत नसे, मी आणि मॅडम गाडीत थांबायचो. भिंतीतून तो आवाज यायचा आणि मॅडम म्हणायच्या, “हे झालं ना, की सगळं होईल.”

छापील कागद इंग्लंडहून वेळेवर येईना. साहेबांकडे एक पितळी लेखणी होती, पाच टोकांची. एकदा ओढली की पाच रेघा एकदम उमटायच्या. माझा हात स्थिर आहे हे त्यांनी इस्त्री करताना पाहिलं असावं. बाब अल बहरीनच्या, म्हणजे बाजाराच्या वेशीच्या, मागच्या गल्लीतून जाड कागद आणायचा आणि दुपारी मी आखायचा. एसीच्या घरघरीत त्यांना सूर ऐकू यायचा नाही, म्हणून एसी बंद. ऑगस्टमध्येसुद्धा. मनगटाखाली टॉवेल ठेवून मी रेघा ओढायचे, तरी घामाचा थेंब पडायचाच आणि शाई पसरायची. हे ते शाई पसरलेले कागद.

एकदा जेवताना साहेब मॅडमना म्हणाले, “हे शेवटचं. लंडनने घेतलं तर आपण तिकडे जायचं. नाही घेतलं तरी जायचं. मी तिकडे शाळेत नोकरी धरीन आणि हा धंदा खलास.”

मी ताटल्या उचलत होते. हातातल्या ताटल्या मी परत टेबलावर ठेवल्या.

दोन्हीकडून माझं एकच होतं. काम पूर्ण झालं की मी घरी. माझा व्हिसा साहेबांच्या नावावर. इकडे वसईला माझी मुलगी दिराच्या घरी वाढलेली, मुंबईला नर्सिंग शिकत होती आणि निम्मं शिक्षण बाकी होतं. दिराने स्वच्छ सांगून ठेवलं होतं, तुझी नोकरी आहे तोवर शिकेल, नाहीतर माझ्याकडे स्थळ तयार आहे. स्थळ म्हणजे दोन मुलांचा बाप, बायको मेलेला. मुलीने पत्रात एवढंच लिहिलं होतं, आय, तू येऊ नकोस.

रोज मी कागद आखून द्यायचे आणि रोज मनात म्हणायचे, आज त्यांचं काही जमू नये. शेवट त्यांना सापडत नव्हता. लिहायचे, फाडायचे. कचऱ्याची टोपली भरलेली दिसली की माझा जीव भांड्यात पडायचा. आणि त्यांचा चेहरा पाहिला की तोच जीव तुटायचा.

शुक्रवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, माझी मैत्रीण भेटायची. आमच्याच बाजूची, हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला. तिनेच वाट काढली. पुण्याचे एक इंजिनियर होते, त्यांच्या घरी बाई हवी होती. साहेबांनी रिलीजचा कागद, म्हणजे दुसरीकडे काम करायची परवानगी, दिला की झालं.

“विचारलंस?” ती दर शुक्रवारी विचारायची.

“नाही गो.”

“तोंडात काय मेण ओतलंय तुझ्या? एक वाक्य बोलायचं. सर, प्लीज गिव्ह मी रिलीज. बोल बघू.”

मी बोलायचे.

“मला काय सांगतेस? मी काय देणार तुला रिलीज, वाटीभर सांबार देईन!”

मॅडमना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, व्हिसा साहेबांच्या नावावर आहे, त्यांनाच विचार. पण साहेब लिहीत असताना बोलायचं नाही असा घरचा नियम होता. चहा घेऊन गेले की ते मान वर न करता हात उचलायचे, म्हणजे थांब, डोक्यातलं मोडेल. आणि ते लिहीत नसताना पडून असायचे, भिंतीकडे तोंड करून. रेघा ओढता ओढता मी ते वाक्य घोटायचे. दाराशी पोचले की ते जिभेवरून जायचं. मी लहानपणापासून तशीच. शाळेत बाईंनी नाव विचारलं तरी घाम फुटायचा.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. मॅडम बँकेत होत्या. साहेबांची दाढी वाढलेली, डोळे लाल. “बस,” ते म्हणाले. त्या घरातल्या खुर्चीवर मी पहिल्यांदा बसले. “पूर्ण झालं. कोणीतरी ऐकायला हवं.”

ते वाजवू लागले. मध्ये मध्ये तोंडाने आवाज काढून सांगायचे, इथे पुरुष गातील, इथे घडे वाजतील. मी हात मांडीवर ठेवून बसले होते आणि आत एकच चाललं होतं. सर, प्लीज गिव्ह मी रिलीज. हे थांबले की बोलायचं. आता थांबतील. आता बोलायचं.

ते थांबले आणि माझ्याकडे वळले. “कसं वाटलं?”

इतक्या वर्षांत चहा-जेवणापलीकडे त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. परीक्षेचा निकाल विचारणाऱ्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा. आता मी माझं बोलले असते तर त्यांना कळलं असतं की हिने काही ऐकलंच नाही.

“गुड, सर,” मी म्हटलं. “व्हेरी गुड.”

ते रडायला लागले. मीही रडले. त्यांना वाटलं असेल, मी गाण्याने रडते आहे.

पोस्टावर भरवसा नाही म्हणून ते स्वतःच कागद घेऊन लंडनला गेले. लंडनने काम घेतलं. ते परतलेच नाहीत, तिकडे तालमी सुरू झाल्या. मॅडम सामान बांधायला लागल्या. मी त्यांना पुन्हा विचारलं, या वेळी पूर्ण वाक्य बोलून. “अगं, ते इथे होते तेव्हा त्यांना का नाही विचारलंस? कळवते मी त्यांना,” त्या म्हणाल्या. कळवलंही असेल. कागद आला नाही. पुण्याच्या लोकांनी दुसरी बाई ठेवली. मॅडम गेल्या त्याच आठवड्यात मी मुंबईला उतरले, पेटीच्या तळाला हे खराब झालेले कागद घालून.

मुलीचं लग्न त्याच वर्षी झालं.

पुढे मॅडमनी एक कॅसेट पाठवली. साहेबांचं नाव झालं होतं, त्यांची रचना मोठ्या सभागृहात झाली होती. मुलगी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला आली होती. शेजाऱ्यांकडून टेप आणला, तिला त्या दुपारचं आणि माझ्या राहिलेल्या वाक्याचं सांगितलं आणि आम्ही दोघी ऐकायला बसलो. खरं तर मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. पुरुषांचा तो खोल आवाज आला, घडे आले, आवाज वाढत वाढत गेला आणि एकदम बंद झाला.

“संपलं?” मुलीने विचारलं.

मला वाटलं टेप अडकला. पण पट्टी फिरत होती. मग मला आठवलं, साहेब वाजवताना म्हणाले होते, इथे माणूस मोत्यांसाठी पाण्याखाली गेलाय, वरची माणसं दोर धरून गप्प बसली आहेत. म्हणजे त्या दुपारीही ते इथे थांबले होते. हात पियानोवरून उचलून, माझ्यासमोर.

“बराच वेळ गप्प आहेत की,” मुलगी म्हणाली. “आय, इथे बोलायचंस ना.”

त्या गप्प बसण्यात माझं वाक्य सहज मावलं असतं. दोनदासुद्धा मावलं असतं.

मग पाण्यातून वर आल्यासारखा एक आवाज निघाला, आणि मुलगी पोटावर हात ठेवून पुढचं ऐकू लागली.