न उलटलेले पान

नातीच्या वह्यांना कव्हरे घालताना कणकेच्या खळीचा वास आला आणि एकाहत्तरच्या डिसेंबरातला नगरच्या महाविद्यालयातला वर्ग आठवला. युद्धामुळे खिडक्यांच्या काचांवर खळीने काळा कागद चिकटवला होता. त्या अंधुक उजेडात मी महासत्तांचा अर्वाचीन इतिहास शिकवीत असे. एके दिवशी तास संपताच पारनेरकडचा एक विद्यार्थी वही घेऊन पुढे आला. “सर, अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडं निघालंय म्हनं. माजा भाऊ तिकडंच आपल्या लढाऊ बोटीवर हाय. आईनं अन्न सोडलंय. तुमीच लिहून दिलं हुतं, महासत्ता दुसऱ्याच्या भांडनात सोता उतरत न्हाई. खरं हाय ना त्ये?” वाक्य माझेच होते, पण माझ्या टिपणवहीत पुढच्याच पानावर व्हिएतनामचे युद्ध होते. “खरे आहे. आईंना जेवायला सांग,” मी म्हणालो. त्यानंतर रोज संध्येच्या वेळी अर्घ्य देताना मी ओंजळ तशीच धरून ठेवीत असे. असत्य बोलल्याची क्षमा मागावी, की ते सत्य व्हावे असे मागावे, हेच कळेना. भाऊ सुखरूप असल्याचे पत्र येईपर्यंत ते पान मी उलटले नाही. नंतर व्हिएतनाम शिकवायला घेतले, तेव्हा तो विद्यार्थी लिहिता लिहिता थांबला, त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि मान खाली घालून पुन्हा लिहू लागला. ती क्षमाच होती, असे मी आजवर मानीत आलो आहे.